मागच्या स्क्रूचं भवितव्य पुढचं हाड ठरवतं

मोडलेल्या मणक्याला आधार द्यायला पाठीमागून घातलेला पेडिकल स्क्रू तुटला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तो कसा तुटला ते बहुतेक वेळा सरळ वाचता येतं. तुटण्याची जागा सहसा ठरलेली असते: डोक्याच्या जरा खाली, आटे सुरू होतात तिथे. तुटलेल्या पृष्ठभागाच्या एका कडेला, आट्याच्या खोबणीत, चीर जिथे जन्मली तो बिंदू सापडतो. त्या बिंदूपासून एकामागोमाग एक वळणदार रेषा पसरत गेलेल्या असतात आणि पार पलीकडच्या कडेला एक लहानसा खडबडीत पट्टा उरतो. तो पट्टा म्हणजे शेवटचा क्षण. बाकी सगळा पृष्ठभाग त्याआधीच्या महिन्यांचा. रोजच्या उठण्याबसण्यात, चालण्यात स्क्रू किंचित वाकला, सुटला, पुन्हा वाकला आणि दर खेपेला चीर कणाकणाने पुढे सरकली.

मी यंत्र अभियंता आहे. मोडलेल्या मणक्याला आधार देणाऱ्या स्क्रू-रॉडच्या चाचण्या घेणं हे माझं काम. शस्त्रक्रिया मी करत नाही, पण शस्त्रक्रियेत वापरायच्या वस्तू त्याआधी आमच्या यंत्रांवर वाकवल्या जातात, पिळल्या जातात, उपटल्या जातात. स्क्रू तुटला की पेशंटच्या घरचे पहिल्यांदा विचारतात, "माल खराब होता का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तपासूनच द्यायला हवं. धातूची रचना, आट्यांची घडण, पृष्ठभागावरचे ओरखडे हे सगळं आम्ही पाहतो. पण धातू निर्दोष निघतो अशी प्रकरणं पुष्कळ असतात. तेव्हा कारण शोधायला स्क्रू सोडून एक्स-रे आणि सीटी स्कॅनकडे वळावं लागतं. स्क्रू पाठीमागून बसवलेला असला तरी त्याच्यावर किती ताण येणार हे पुढचं हाड ठरवतं. स्थिरता हा गुण स्क्रूच्या पाकिटात बंद होऊन येत नाही. मोडलेलं हाड, आजूबाजूचे अस्थिबंध, इम्प्लांट आणि येणारा भार या सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय ती कळत नाही.

कण्याची रचना थोडक्यात सांगते. प्रत्येक मणक्याच्या पुढच्या बाजूला एक जाडसर ठोकळा असतो, मागे कमान आणि सांधे असतात, आणि त्या दोघांना जोडणारे डावीउजवीकडे दोन आखूड हाडाचे पूल असतात. त्या पुलांना पेडिकल म्हणतात. स्क्रू मागून शिरतो, पेडिकलमधून जातो आणि पुढच्या ठोकळ्यात थांबतो. खालच्या-वरच्या स्क्रूंची डोकी रॉडने जोडली की चौकट तयार होते. माणूस सरळ उभा असताना वरून येणाऱ्या भारापैकी साधारण ८० टक्के भार पुढच्या ठोकळ्यांतून आणि त्यांच्यामधल्या मऊ चकत्यांतून खाली जातो, उरलेला २० टक्के मागच्या सांध्यांतून. म्हणजे आपण चौकट बसवतो मागे आणि भाराचा मुख्य रस्ता आहे पुढे. या एका विसंगतीतून पुढचे बहुतेक प्रश्न निघतात.

पाठीच्या वरच्या भागाला फासळ्यांचा पिंजरा ताठ धरून ठेवतो. कमरेचा भाग मोकळा, हलता. जिथे ताठ भाग संपून हलता भाग सुरू होतो तिथेच, टी११ ते एल२ (पाठीच्या अकराव्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत) या पट्ट्यात, मोडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. उंचावरून पडलेल्या किंवा वाहनाच्या अपघातात सापडलेल्या माणसाचा टी१२ किंवा एल१ चिरडलेला दिसतो तो याच कारणाने. ठोकळ्याचा फक्त पुढचा भाग दबला तर तो पाचरीच्या आकाराचा होतो. भार मोठा असेल तर ठोकळा सगळीकडे फुटतो आणि त्याचे तुकडे मागे मज्जारज्जूच्या नळीत घुसतात. याला बर्स्ट फ्रॅक्चर म्हणतात. माझ्या टेबलावर येणारे बरेचसे प्रश्न याच फ्रॅक्चरचे.

आता जरा आकडेमोड. ती ढोबळ आहे, स्नायूंचा हिशेब तिच्यात नाही, पण मुद्दा समजायला पुरेशी आहे. धरा की एल१ पूर्ण फुटला आहे आणि पुढचा आधार शून्य आहे. वरच्या शरीराचा भार ४०० न्यूटन आणि तो स्क्रूच्या वाकण्याच्या जागेपासून ३ सेंटीमीटर पुढून जातो. बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, झाला १२ न्यूटन-मीटर, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी ६. साडेपाच मिलिमीटर व्यासाच्या रॉडमध्ये यातून सुमारे ३७० मेगापास्कल ताण येतो. त्याच मोमेंटखाली साडेचार मिलिमीटर गाभ्याच्या स्क्रूमध्ये सुमारे ६७० मेगापास्कल. इम्प्लांटसाठी वापरतात त्या टायटॅनियम मिश्रधातूची, टीआय-६-एएल-४-व्ही ईएलआयची, कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा किमान ७९५ मेगापास्कल असावी लागते. म्हणजे पहिल्या दिवशी काहीच होत नाही. पेशंट उभा राहतो, चालतो, एक्स-रे छान दिसतो. पण ६७० मेगापास्कलचा ताण लाखो वेळा, तोही आट्याच्या खोबणीसारख्या टोकदार जागी, हा धातू सोसू शकत नाही. म्हणून चीर तिथेच सुरू होते.

हाच हिशेब स्क्रूचा गाभा ५ मिलिमीटर धरून केला तर ताण ६७० वरून सुमारे ४९० वर येतो. अर्ध्या मिलिमीटरने एवढा फरक, कारण वाकण्यातला ताण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात उतरतो. रॉडच्या ताठरपणात तर चौथा घात येतो: साडेपाचऐवजी सहा मिलिमीटरचा रॉड घेतला की तो सुमारे ४२ टक्के जास्त ताठर होतो. हे आकडे आकर्षक असतात, आणि त्यांच्याच जोरावर "जाड घ्या, मजबूत घ्या" असा सल्ला दिला जातो. एका सर्जनशी झालेलं बोलणं मला नेहमी आठवतं.

"मॅडम, सहाचा रॉड टाकला तर मग काळजी नाही ना?"

"सर, पुढे पोकळी किती राहिली आहे?"

"उंची पूर्ण परत आणली आहे. फोटो बघा, मणका अगदी पहिल्यासारखा दिसतोय."

"उंची आली, पण आत काय आहे?"

त्यांनी सीटी उघडला. बाहेरची उंची परत आली होती आणि ठोकळ्याच्या मधोमध काळी पोकळी होती.

ही गोष्ट समजावून सांगणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं, कारण ती मनाला पटायला जड जाते. दबलेला मणका रॉडच्या साहाय्याने वर-खाली ताणला की त्याच्या कडा आणि अस्थिबंध ताणले जातात, मागे सरकलेले तुकडे काही प्रमाणात आपोआप पुढे ओढले जातात, बाक सरळ होतो. नळी मोकळी करण्यासाठी हे उत्तम आहे. पण आतलं जाळीदार हाड अपघातात चिरडून दाबलं गेलेलं असतं आणि ते काही परत फुलत नाही. जितका बाक जास्त सुधारला तितकी आतली पोकळी मोठी, आणि पोकळी मोठी तितका पुढचा आधार कमी. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे जितका देखणा, तितकं स्क्रूवरचं ओझं जास्त असू शकतं.

हे १९९४ साली मॅकॉर्मॅक, कॅरायकोविक आणि गेन्स यांनी नीट मांडलं. मोडलेल्या मणक्याच्या फक्त एक वर आणि एक खाली असे स्क्रू घालून केलेल्या २८ पेशंटचा त्यांनी मागोवा घेतला. त्यांतल्या १० जणांचे स्क्रू तुटले होते. मग त्यांनी तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले: ठोकळ्याचा किती भाग चुरडला आहे, तुकडे एकमेकांपासून किती विखुरले आहेत, आणि शस्त्रक्रियेत बाक किती सरळ केला आहे. बेरीज ७ किंवा त्याहून जास्त असेल तर फक्त मागचे आखूड बांधकाम पुरत नाही, पुढूनही आधार द्यावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. या पद्धतीला लोड शेअरिंग वर्गीकरण म्हणतात. त्यानंतर स्क्रू सुधारले, धातू बदलले, आणि ७ ही मर्यादा आजही तशीच पाळावी का यावर मतभेद आहेत. पण त्या तीन प्रश्नांतला एकही प्रश्न स्क्रूविषयी नाही, तिन्ही हाडाविषयी आहेत. मला त्या निबंधाचं मोठेपण यात दिसतं.

पुढचा आधार कमी असेल तर सर्जनकडे पर्याय असतात. मोडलेल्या मणक्याचे पेडिकल शाबूत असतील तर त्यातही आखूड स्क्रू घालता येतात. चारऐवजी सहा स्क्रू झाले की मधला मोकळा टप्पा अर्धा होतो, रॉड कमी वाकतो आणि बाक दुरुस्त करताना मधल्या स्क्रूवरून पुढे रेटा देता येतो. यंत्रावर याचा फायदा स्पष्ट दिसतो आणि मला हा पर्याय त्याच्या साधेपणासाठी फार आवडतो, कारण त्यात एकही जास्तीचा मणका जखडला जात नाही. दुसरा मार्ग लांब बांधकामाचा, दोन वर आणि दोन खाली. भार जास्त स्क्रूंमध्ये वाटला जातो, पण चांगल्या चकत्यांची हालचाल बंद पडते. तिसरा मार्ग पुढून जाऊन फुटलेला ठोकळा काढून त्याच्या जागी भार पेलणारा पिंजरा (केज) बसवण्याचा. भाराचा मुख्य रस्ताच पुन्हा बांधला जात असल्याने यांत्रिक दृष्टीने हा सगळ्यात भक्कम, आणि पेशंटच्या शरीराला सगळ्यात जड.

पण प्रत्येक फ्रॅक्चरची मागणी वेगळी असते, हे विसरून चालत नाही. १९४८ साली चान्स यांनी वर्णन केलेल्या फ्रॅक्चरमध्ये कणा मागून फाटतो, मागचे अस्थिबंध किंवा हाड आडवं उघडतं, आणि पुढचा ठोकळा बराचसा भार घ्यायला तयार असतो. तिथे इम्प्लांटने फक्त मागची फट मिटवून धरायची. आखूड, हलकं बांधकामही पुरतं. उलट ज्यात वरचा कणा खालच्यावरून सरकला किंवा पिळला गेला आहे तिथे पुढचं-मागचं सगळंच तुटलेलं असतं. त्याला वाकणं, पिळवटणं, सरकणं अशा सगळ्या दिशांनी रोखावं लागतं. दोन रॉडना जोडणारी आडवी पट्टी, क्रॉसलिंक, इथे कामाला येते, कारण तिने पिळवटण्याविरुद्धचा ताठरपणा वाढतो. पुढे वाकण्याविरुद्ध तिचा उपयोग नगण्य असतो. बर्स्ट फ्रॅक्चरमध्ये "जास्तीची सुरक्षा" म्हणून ती घातलेली दिसली की मला वाटतं, हा धातू चुकीच्या दिशेला उभा केला.

स्क्रूच्या डोक्याचंही तेच. डोकं एकसंध असेल तर स्क्रू आणि रॉडमधला कोन पक्का राहतो. फिरतं डोकं रॉड बसवायला सोपं जातं, पण ठरावीक मोमेंटच्या पुढे त्यातला गोलाकार सांधा घसरतो. फ्रॅक्चरमध्ये मिळवलेला कोन टिकवायचा असल्याने एकसंध डोक्याला झुकतं माप द्यावं, असं माझं मत आहे. कोन पक्का राहण्याचं महत्त्व इतिहासातही दिसतं. हॅरिंग्टन यांचा रॉड मुळात वाकड्या कण्यासाठी होता, हुकांनी अडकवायचा, आणि फ्रॅक्चरला आधार द्यायला तो बरेच मणके लांब लागायचा. रॉय-कामिय यांनी फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात पेडिकलमधून स्क्रू घालून पट्ट्या बसवायला सुरुवात केली. मग मागर्ल यांनी शरीराबाहेरची चौकट लांब स्क्रूंना जोडली, आणि १९८० च्या दशकात वॉल्टर डिक यांनी तीच कल्पना त्वचेच्या आत नेली. स्क्रू आणि रॉड यांच्यातला कोन घट्ट पकडता येऊ लागला तेव्हाच फक्त दोन-तीन मणके बांधून फ्रॅक्चर धरून ठेवणं शक्य झालं.

आता चाचण्यांविषयी. सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी म्हणजे एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एफ१७१७. त्यात मणकेच नसतात. दोन प्लास्टिकचे ठोकळे घेतात, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचे, आणि त्यांच्यात मोठी मोकळी जागा ठेवून स्क्रू-रॉडने जोडतात. कमरेच्या बांधकामासाठी ही मधली लांबी ७६ मिलिमीटर धरतात. पुढे आधार शून्य. म्हणजे मधला मणका पूर्ण नाहीसा झाला आहे अशी सगळ्यात वाईट परिस्थिती. त्यावर ५० लाख आवर्तनांचा भार देतात. सेकंदाला ५ आवर्तनं या वेगाने यंत्र अखंड चाललं तरी साडेअकरा दिवस लागतात. दिवसाला ७,००० पावलं धरली तर ५० लाख म्हणजे साधारण दोन वर्षांचं चालणं. ही चाचणी मला आवडते, कारण ती कठोर आहे आणि जगभर कुणीही केली तरी आकडे शेजारीशेजारी ठेवता येतात. पण हाडाची पकड तिच्यात मोजलीच जात नाही. प्लास्टिकचा ठोकळा ठिसूळ होत नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची १२१८९ ही दुसरी चाचणी पुढच्या बाजूला स्प्रिंग बसवते, म्हणजे पुढचा आधार काही प्रमाणात जिवंत धरते. तिथे इम्प्लांटवर बराच कमी ताण येतो. दोन्ही अहवालांवर "५० लाख आवर्तनं पार" असं लिहिलेलं असू शकतं आणि दोन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा असतो. कुठली चाचणी, हे विचारल्याशिवाय त्या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

खऱ्या कण्यावरचं काम मात्र वेगळ्याच पातळीवरचं. देहदान केलेल्या व्यक्तींचे कणे उणे २० अंशांना गोठवून ठेवलेले असतात. चाचणीआधी ते वितळवायचे, स्नायू काळजीपूर्वक काढायचे, अस्थिबंध आणि सांधे मात्र जपायचे, आणि सगळा वेळ क्षारपाण्याने ओलसर ठेवायचे. हे काम आमच्याकडे शांतपणे, कमी बोलून चालतं. आपल्या मृत्यूनंतर आपला कणा कुणाच्या तरी उपयोगी पडावा असं ठरवून गेलेल्या माणसांबद्दल माझ्या मनात फार मोठी कृतज्ञता आहे. या क्षेत्रातलं कुठलंही पाठ्यपुस्तक त्यांच्याशिवाय लिहिलं गेलं नसतं.

अशा कण्यावर शुद्ध मोमेंट (वरून न दाबता नुसता वाकवणारा किंवा पिळणारा जोर) देतात, कमरेच्या भागासाठी सहसा साडेसात न्यूटन-मीटर, आणि तो किती अंश हलतो ते मोजतात. आधी शाबूत कणा, मग मुद्दाम मोडलेला, मग इम्प्लांट बसवलेला. मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये न्यूट्रल झोनची कल्पना मांडली: मधल्या स्थितीच्या आसपास कणा जवळजवळ प्रतिकार न करता किती हलतो ते मोजायचं. दुखापत झाली की एकूण हालचालीच्या मानाने हा मोकळा टप्पा आधी आणि जास्त वाढतो. मी स्वतः अहवाल वाचताना एकूण अंशांआधी हाच आकडा शोधते.

स्नायू काढल्याने एक अडचण येते. नुसते अस्थिबंध असलेला कमरेचा कणा वरून सुमारे ९० न्यूटन भार दिला तरी कोलमडतो. म्हणजे नऊ-दहा किलो. जिवंत माणूस त्याच कण्यावर याच्या कित्येक पट भार वाहतो, कारण स्नायू त्याला प्रत्येक मणक्यापाशी धरून ठेवतात. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कण्याच्या वळणाच्या रेषेतूनच भार नेणारी तारांची रचना दाखवली. तिला फॉलोअर लोड म्हणतात. तशा भारात तोच कणा १,२०० न्यूटनपर्यंत उभा राहिला. माझ्या दृष्टीने हा प्रयोग फ्रॅक्चरच्या पेशंटसाठीही बोलका आहे: पाठीचे स्नायू हा स्थिरतेचा भाग आहे, आणि मोठी शस्त्रक्रिया करताना ते जितके कापले, सोलले जातात तितकं काहीतरी आपण गमावतो.

हाडाच्या पकडीवर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण वयस्कर पेशंटमध्ये धातू तुटण्याआधी हाडच हार मानतं. पकड मोजायची सोपी पद्धत म्हणजे स्क्रू सरळ उपटायचा आणि कमाल बल नोंदवायचं. पॉलियुरेथेन फोमच्या ठोकळ्यात मिनिटाला ५ मिलिमीटर वेगाने स्क्रू ओढतात. ठिसूळ हाडाच्या जागी घन सेंटीमीटरला ०.१६ ग्रॅम किंवा त्याहूनही हलका फोम घेतात. माहितीपत्रकांत हा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पण शरीरात स्क्रू असा सरळ मागे कुणी ओढत नाही. माणूस वाकतो-उठतो तसा स्क्रू वर-खाली डोलतो, आणि मातीत रोवलेला खुंटा हलवून हलवून सैल करावा तशी त्याच्याभोवतीची जागा रुंदावत जाते. मग एक्स-रेत स्क्रूभोवती काळी कडा दिसते. स्क्रू उपटला जातो तो त्यानंतर. म्हणून उपटण्याच्या आकड्यापेक्षा हजारो वेळा वर-खाली डोलवून स्क्रू किती सरकला हा आकडा मला जास्त खरा वाटतो.

हिरानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की उपटण्याविरुद्धची सुमारे ६० टक्के ताकद आणि वर-खाली डोलण्याविरुद्धचा सुमारे ८० टक्के ताठरपणा पेडिकलमधून येतो, पुढच्या ठोकळ्यातून नाही. म्हणजे स्क्रू पेडिकलमध्ये नीट भरून बसणं हे तो किती खोल गेला यापेक्षा मोलाचं. पेडिकलच्या भिंतीला भोक पडलं, किंवा एकदा चुकलेल्या वाटेतून स्क्रू काढून पुन्हा घालावा लागला, तर नुकसान मोठं असतं. हाड फारच विरळ असेल तर छिद्रं असलेल्या स्क्रूमधून पुढच्या ठोकळ्यात हाडाचं सिमेंट सोडतात. त्याने पकड स्पष्टपणे वाढते. पण सिमेंट शिरांतून निसटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं, आणि असा स्क्रू पुढे काढायची वेळ आली तर काम अवघड होतं. शिवाय पकड घट्ट झाली की कमकुवत जागा फक्त सरकते: ताण शेजारच्या मणक्यावर जातो आणि ठिसूळ हाडात तोच मोडतो. सहाच्या रॉडबद्दल विचारणाऱ्या सर्जनना मी हेच सांगितलं होतं. रॉड ताठर केला म्हणून भार नाहीसा होत नाही, तो पुढची कच्ची जागा शोधतो.

प्रत्यक्ष माणसात इम्प्लांटवर किती भार येतो हे कुणी मोजलं आहे का? मोजलं आहे, आणि फार सुंदर रीतीने. बर्लिनमध्ये रोलमान, बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉडमध्येच ताण मोजणारे संवेदक आणि बिनतारी यंत्रणा बसवून दहा पेशंटमध्ये भार नोंदवले. चालताना उभं राहण्यापेक्षा जास्त भार येतो, हे अपेक्षित होतं. बसल्यावर भार थोडासाच कमी होतो, हे कमी अपेक्षित. आणि १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली गोष्ट अनेकांना धक्का देणारी होती: बाहेरून घातलेल्या पट्ट्यांनी, जाकिटांनी या रॉडवरचा भार लक्षणीय कमी होत नाही. पुढे त्यांनी फुटलेल्या ठोकळ्याच्या जागी बसवायच्या पिंजऱ्यातही मोजणी यंत्र घातलं. वजन शरीरापासून लांब धरून उचललं की आकडे कसे झपाट्याने वाढतात ते त्यात दिसतं. त्यांच्या नोंदी ऑर्थोलोड या नावाने सगळ्यांसाठी खुल्या आहेत. ज्या पेशंटनी हे यंत्र आपल्या पाठीत घेऊन मोजणीसाठी पुन्हा पुन्हा वेळ दिला, त्यांचंही ऋण मोठं आहे.

१९९९ सालीच विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजला. आडवं असताना ०.१ मेगापास्कल, उभं असताना ०.५, पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३, आणि तेच वजन गुडघे वाकवून उचलताना १.७. एकाच माणसाचे आकडे आहेत, पण कोण पेशंट काय विचारतो हे आठवलं की ते कामाचे ठरतात. पट्टा लावला म्हणून बादली उचलली तर चालेल का? पट्टा चालण्यात धीर देतो, झटकन वाकू नये याची आठवण करून देतो, पण तो स्क्रूच्या वाटणीचं ओझं उचलत नाही. वाकून उचलणं टाळणंच खरं.

एक बाजू सांगितल्याशिवाय हे लेखन अपुरं राहील. मज्जातंतू शाबूत आहेत आणि मागचे अस्थिबंध धड आहेत अशा बर्स्ट फ्रॅक्चरमध्ये इम्प्लांट लागतंच असं नाही. वुड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत अशा पेशंटमध्ये शस्त्रक्रियेचा दूरगामी फायदा दिसला नव्हता. मी इम्प्लांट तपासून जगते, तरीही मला वाटतं की मागचे अस्थिबंध खरंच तुटले आहेत का हा प्रश्न एमआरआयवर नीट सुटल्याशिवाय स्क्रूच्या जाडीची चर्चा सुरूच होऊ नये.

आणि हाड जुळल्यावर काय? सांधे जखडले नसतील तर तरुण पेशंटमध्ये साधारण वर्षभरानंतर इम्प्लांट काढून टाकतात, म्हणजे बांधलेल्या चकत्यांना पुन्हा हालचाल मिळते. काढल्यावर काही अंशांचा बाक परत येतो आणि पेशंट घाबरतो. त्यातला बराचसा बाक जुळलेल्या मणक्यात नसतो, वरच्या चकतीत असतो, कारण अपघातात ती चकतीही चिरडलेल्या ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागासोबत दुखावलेली असते. म्हणून फॉलो-अपच्या एक्स-रेत एकच कोन मोजून थांबू नये. ठोकळ्याचा कोन वेगळा मोजावा, चकतीचा वेगळा. ठोकळ्याचा कोन टिकला असेल तर हाडाने आपलं काम पूर्ण केलेलं असतं. तो महिन्यामहिन्याला वाढत असेल तर स्क्रू अजून शाबूत दिसत असला तरी पुढची पोकळी भरलेली नाही, आणि सीटी तेव्हाच करायचा, स्क्रू तुटल्यावर नाही.